विरजण, किराणा यादी आणि कंपायलर : फ्रीबीएसडीच्या मेकफाइल्स वाचताना



दीड महिना ब्लॉगवर काही आलं नाही, त्याचं कारण याच लेखात आहे. नेहमी मी एखादा शोधनिबंध उलगडून सांगते. आज निबंध नाही, काही फाइल्स आहेत. फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कंपायलर कसा बांधायचा, हे सांगणाऱ्या मेकफाइल्स. त्यांच्यावर कुणी टीका-समीक्षा लिहीत नाही, कारण त्या कुणी वाचतच नाही. मीही वाचल्या नव्हत्या. त्याची किंमत मोजली, म्हणून आता वाचल्या.

आधी काय झालं ते सांगते.

माझं काम कंपायलरच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे, म्हणजे प्रोग्रॅमचं प्रत्यक्ष मशीनच्या सूचनांमध्ये रूपांतर होतं तिथे. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी एक छोटा बदल केला, तर तयार होणारे प्रोग्रॅम लहान होतात का, एवढाच प्रश्न. एका प्रोग्रॅमवर मोजून काही सिद्ध होत नाही, शेकडो हवेत. फ्रीबीएसडी यासाठी सोयीची आहे. कर्नल, लायब्ररी, रोजची साधनं आणि ते सगळं बांधणारा क्लँग कंपायलर, सगळ्यांचा सोर्स एकाच झाडात असतो आणि ‘बिल्डवर्ल्ड’ हा एकच आदेश कर्नल सोडून बाकी सगळं बांधतो. मी त्या झाडातल्या कंपायलरच्या सोर्समध्ये माझा बदल टाकला. एकदा बदलाशिवाय आणि एकदा बदलासकट, असं सगळं दोनदा बांधलं. मग फाइल्सचे आकार ताडून पाहिले. कंपायलरचा स्वतःचा सोर्सच बदललेला असल्यामुळे त्याच्या फाइल्स तुलनेतून वगळल्या होत्या, आणि ते रीतीला धरूनच होतं.

फरक शून्य. एकाही फाइलमध्ये एका बाइटचाही नाही.

‘बदलाचा परिणाम दिसत नाही’ असं वाक्य मी सहामाही अहवालाच्या मसुद्यात लिहून टाकलं. मॅडमनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, “कमी परिणाम समजू शकते गं, पण शून्य कसा?” त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. मग वगळलेल्या फाइल्स उघडून पाहिल्या. बदल फक्त तिथेच होता. क्लँग आणि त्याच्या गोतावळ्यातली साधनं बदललेली, बाकी सगळं जसंच्या तसं. म्हणजे नव्या कृतीचं पुस्तक छापलं गेलं होतं, पण स्वयंपाक जुन्याच पुस्तकावरून झाला होता.

चूक माझी होती. बिल्डच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच तसा संदेश होता आणि मॅन्युअलमध्येही हे लिहिलेलं आहे. मी दोन्ही वाचलं नव्हतं. पण असं का झालं ते शोधायला गेले आणि या फाइल्समध्ये अडकले. त्यातून जे मत झालं ते इथे मांडते आहे.

दही लावायला दही लागतं

कंपायलर हा प्रोग्रॅम असतो. प्रोग्रॅम बांधायला कंपायलर लागतो. म्हणजे कंपायलर बांधायला आधी कंपायलर हवा. दही लावायला विरजण हवं, तसंच हे. घरात नसेल तर शेजारून वाटीभर आणायचं आणि एकदा लागलं की पुढचं आपलं आपण.

क्रॉस-कंपायलिंगमध्ये अजून एक पेच आहे. माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये साधा इंटेल-जातीचा प्रोसेसर आहे, पण प्रोग्रॅम चालणार रिस्क-फाइव्हवर. स्वयंपाक आपल्या ओट्यावर, डबा मात्र दुसऱ्याच्या घरी जाणार. म्हणून प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारावा लागतो: आत्ता जे बांधतोय ते इथे चालायचंय की तिथे?

बिल्डवर्ल्डमध्ये याची उत्तरं क्रमाने लावलेली आहेत. आधी बूटस्ट्रॅप-साधनं बनतात, जी ‘इथे’ चालतात. मग क्रॉस-साधनं. त्यात ‘तिथला’ मशीन-कोड काढणारा पण ‘इथे’ चालणारा कंपायलर येतो. मग त्या कंपायलरने ‘तिथल्या’ लायब्ररी, आणि शेवटी बाकी सगळं. या ‘बाकी सगळं’मध्ये क्लँग पुन्हा एकदा बांधला जातो, यावेळी रिस्क-फाइव्हवर चालण्यासाठी. एकच सोर्स, दोनदा बांधणी, दोन वेगळी कामं. माझा घोटाळा नेमका या दोन बांधण्यांच्या मध्ये झाला.

एलएलव्हीएममध्ये (क्लँग ज्याच्यावर उभा आहे तो प्रकल्प) हा पेच अजून एका ठिकाणी आहे. प्रोसेसरच्या सूचना, रजिस्टर वगैरेंची वर्णनं वेगळ्या भाषेत लिहिलेली असतात आणि टेबलजेन नावाचं साधन त्यांच्यावरून सी-प्लस-प्लसचे तुकडे तयार करतं. म्हणजे कंपायलर बांधण्याआधी टेबलजेन बांधायला हवं आणि ते ‘इथे’ चालायला हवं. गंमत अशी की पुढे टेबलजेनलाच टेबलजेनने तयार केलेला एक तुकडा लागायला लागला! म्हणून मूळ प्रकल्पाने एक छोटं टेबलजेन वेगळं काढलं. ते आधी बांधायचं, त्याच्याकडून तो तुकडा घ्यायचा, मग मोठं टेबलजेन, मग कंपायलर. विरजणासाठी विरजण. मूळ प्रकल्पात असा बदल झाला की बिल्ड-फाइल्स स्वतः लिहिणाऱ्या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमला आपल्या फाइल्समध्ये ती नवी पायरी हाताने घालावी लागते.

स्वतःच्या फाइल्स लिहायच्याच कशाला?

तुम्ही विचाराल, एलएलव्हीएमची स्वतःची बिल्ड-व्यवस्था आहे ना? आहे. तिचं नाव सीमेक. २०१६ मध्ये जुनी ऑटोकॉन्फ व्यवस्था काढून टाकल्यापासून मूळ प्रकल्पाची तीच एक अधिकृत व्यवस्था आहे. डेबियनसारखी लिनक्स वितरणं तीच वापरतात. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स-संग्रहातला एलएलव्हीएमसुद्धा तिनेच बांधला जातो. मग मुख्य झाडात वेगळा संसार का?

याची मुळं इतिहासात आहेत. फ्रीबीएसडीत पूर्वी जीसीसी होता. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली आणि जीसीसी तिकडे वळला. फ्रीबीएसडीला तो परवाना मूळ झाडात नको होता, म्हणून ती जीसीसी ४.२.१ वर थांबली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. २०१० मध्ये क्लँग झाडात आला. जानेवारी २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून इंटेल-जातीच्या मशीनवर तो मुख्य कंपायलर झाला. जुना जीसीसी झाडातून पूर्णपणे निघाला तो २०२० मध्ये.

या सगळ्या काळात एक तत्त्व टिकून राहिलं: सिस्टीमला स्वतःला बांधण्यासाठी बाहेरचं काही लागू नये. सीमेक हा स्वतःच सी-प्लस-प्लसमधला मोठा प्रोग्रॅम आहे. एलएलव्हीएमची सीमेक-व्यवस्था वर पायथनही मागते. फ्रीबीएसडीच्या मूळ झाडात यातलं काहीच नाही. २००२ मध्ये तर पर्लही मूळ झाडातून बाहेर काढलं होतं. त्यामुळे कंपायलर झाडात ठेवायचा तर तो साध्या ‘मेक’ने बांधता यायला हवा, आणि मेकफाइल्स स्वतः लिहायला हव्यात.

हे मला पटतं. नुसता हट्ट म्हणून ते झटकून टाकता येत नाही. माझ्यासारखी विद्यार्थिनी एका मशीनवर, एका आदेशात, इंटरनेटशिवाय दुसऱ्याच प्रोसेसरसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बांधू शकते, ते याच तत्त्वामुळे. दहा वर्षांनी कुणाला माझा प्रयोग पुन्हा करून पाहायचा असेल, तर झाडाची ती आवृत्ती उतरवली की कंपायलरसकट सगळं हातात. संशोधनात ही फार मोठी गोष्ट आहे.

आधी गुण

मुख्य लायब्ररीची मेकफाइल उघडली की पहिल्यांदा दडपण येतं. सोर्स-फाइल्सची लांबच लांब यादी, एका ओळीवर एक फाइल, हजाराच्या वर. वाण्याची यादी असावी तशी. पण थोडं थांबून वाचलं की तिच्यात विचार दिसतो. प्रत्येक फाइल कुठल्यातरी गटात टाकलेली आहे. काही फाइल्स किमान कंपायलरसाठी, काही जादा साधनांसाठी, काही डीबगरसाठी. प्रत्येक प्रोसेसर-कुळाला वेगळा स्विच आहे. रिस्क-फाइव्ह नको असेल तर तेवढं बंद करता येतं. क्रॉस-साधनांच्या पायरीवर फक्त किमान गट बांधायचा आणि शेवटच्या पायरीवर हवं तेवढं सगळं, ही काटकसर या गटांमुळेच शक्य होते. बिल्डवर्ल्डच्या एकूण वेळेतला मोठा वाटा एलएलव्हीएमचाच असतो, त्यामुळे ती काटकसर चैन म्हणून केलेली नाही.

दुसरा गुण: मूळ सोर्स आणि त्याच्या बिल्ड-फाइल्स वेगवेगळ्या जागी ठेवल्या आहेत. मूळ प्रकल्पातून आलेला सोर्स एका फोल्डरात आणि आपल्या मेकफाइल्स दुसरीकडे. आपलं कुठलं आणि पाहुण्याचं कुठलं, हे एका नजरेत कळतं. नवीन आवृत्ती आयात करताना याचा खूप उपयोग होतो.

तिसरा गुण: २०२० पासून हे झाड लिनक्स आणि मॅकओएसवरूनही बांधता येतं. त्यासाठी खूप बारीक दुरुस्त्या कराव्या लागल्या असणार, हे फाइल्स वाचताना जाणवतं.

आता दोष

पहिला दोष यादीचाच. एलएलव्हीएमच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. प्रत्येक वेळी काही फाइल्स नव्या येतात, काही जातात, काहींची नावं बदलतात. हाताने ठेवलेल्या यादीत दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एखादी फाइल राहिली तर लिंकर ओरडतो. ती चूक लगेच कळते. पण फाइल चुकीच्या गटात पडली किंवा गरज संपल्यावरही राहून गेली तर कुणीच ओरडत नाही. बिल्ड चालूच राहतं, फक्त थोडं जड होतं. बहुतेक ओळींपुढे ती फाइल त्याच गटात का आहे हे लिहिलेलं नाही. ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत. आयातीच्या नोंदींचा इतिहास चाळला तर वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी एकच नाव दिसतं. त्या माणसाच्या चिकाटीला मी मनापासून नमस्कार करते. पण घरात एकट्या आईलाच लोणच्याचं प्रमाण ठाऊक असावं, तशी ही स्थिती आहे.

दुसरा दोष कॉन्फिग-हेडरचा. सीमेक बांधणी सुरू करण्याआधी मशीनला शंभर प्रश्न विचारतं. अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर आहे का? उत्तरं एका हेडर-फाइलमध्ये लिहिली जातात. फ्रीबीएसडी हे प्रश्न विचारतच नाही. उत्तरं लिहिलेली फाइल झाडात तयारच ठेवलेली असते. क्रॉस-कंपायलिंगमध्ये हे शहाणपणाचं आहे, कारण ज्या मशीनला प्रश्न विचारणार, तिथे तो प्रोग्रॅम चालणारच नसतो. पण तीच फाइल ‘इथल्या’ बांधणीलाही वापरली जाते. ‘इथे’ फ्रीबीएसडीच असेल तर ठीक. ‘इथे’ मॅक असेल तर काही उत्तरं बदलतात, मग त्या फाइलमध्ये अटी घालाव्या लागतात. मूळ प्रकल्पाने नवा प्रश्न जोडला की त्याचं उत्तर कुणीतरी आठवणीने लिहायचं. नाही लिहिलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला जातो, तोही गुपचूप.

तिसरा दोष मला नडला तो. कंपायलर बांधायला वेळ लागतो, म्हणून बिल्डवर्ल्ड आधी पाहतं की मशीनवर बसवलेला कंपायलर आणि झाडातला कंपायलर एकच आहेत का. असतील तर क्रॉस-कंपायलरची बांधणी गाळायची. क्लँग एकच असून अनेक प्रोसेसरसाठी कोड काढू शकतो, त्यामुळे क्रॉस-बांधणीतही ही युक्ती चालते. युक्ती चांगली आहे, रोजच्या कामात तासच्या तास वाचवते. पण ‘एकच आहेत का’ हे ठरतं कसं? कंपायलरचा प्रकार, त्याची आवृत्ती आणि फ्रीबीएसडीने त्याला दिलेला एक क्रमांक, एवढ्यावर. हा क्रमांक एका छोट्या हेडर-फाइलमध्ये असतो आणि तो माणसाने हाताने वाढवायचा असतो.

मी कंपायलरचा सोर्स बदलला, पण क्रमांक वाढवला नाही. तो वाढवायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. बिल्डने क्रमांक पाहिले, ‘सारखेच आहेत’ म्हटलं आणि जुन्या कंपायलरने सगळं बांधलं.

इथे फाइल ‘हे तेच आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देते आहे, पण तपासते फक्त नाव. पिठाच्या डब्यावर ‘गहू’ लिहिलंय म्हणून आत गहूच असेल, असं धरून चालायचं. प्रकल्पाच्या आतल्या माणसांसाठी हे पुरेसं आहे, त्यांना क्रमांकाची सवय आहे. पण ज्या झाडाचा मोठा गुणच ‘सोर्स बदला आणि सगळं बांधा’ हा आहे, तिथे सोर्स बदलणाऱ्या नवख्या माणसाचा विचार या एका जागी कमी पडला, असं मला वाटतं.

बाकीचे काय करतात?

तुलना केल्याशिवाय टीका अर्धवट राहते. म्हणून दोन उदाहरणं.

पहिलं नेटबीएसडीचं. तिच्या झाडात अजूनही जीसीसी आहे आणि त्याच्याही मेकफाइल्स त्यांच्या स्वतःच्याच आहेत. पण त्यातला बराच भाग त्या हाताने लिहीत नाहीत. आधी क्रॉस-साधनं बांधायची. मग एक स्क्रिप्ट जीसीसीचीच मूळ कॉन्फिगर-व्यवस्था लक्ष्य-मशीनसाठी चालवते, तिच्यातून उत्तरं आणि याद्या उपसून काढते आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या फाइल्समध्ये ठेवते. या फाइल्स झाडात जमा होतात. रोजच्या बांधणीला मूळ व्यवस्था लागत नाही, म्हणजे स्वावलंबन टिकलं. पण उत्तरं माणसाच्या आठवणीतून न येता मूळ व्यवस्थेतून आली. तोटा एवढाच की प्रत्येक प्रोसेसरसाठी ही उपसणी वेगळी करावी लागते, आणि ती केव्हा करायची ते पुन्हा माणसानेच ठरवायचं.

दुसरं उदाहरण खुद्द एलएलव्हीएमच्या झाडातलं आहे. तिथे सीमेकशिवाय जीएन नावाच्या व्यवस्थेच्या फाइल्सही आहेत. त्या अधिकृत नाहीत, ज्यांना हव्यात ते सांभाळतात. त्यांच्यातही फाइल्सच्या याद्या आहेत आणि सीमेकच्या याद्या बदलल्या की त्याही बदलायला हव्यात, म्हणजे फ्रीबीएसडीचीच अडचण. त्यांनी एक स्क्रिप्ट ठेवली आहे. ती सीमेकच्या आणि आपल्या याद्या ताडून पाहते आणि फरक जुळवून देते. जे यंत्राला कळत नाही, तेवढंच माणसाकडे उरतं.

माझं मत

फ्रीबीएसडीने मूळ झाडात सीमेक आणावं, असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर ज्या गुणासाठी मी हे झाड निवडलं तोच जाईल. स्वतःच्या मेकफाइल्स असाव्यात आणि त्या हातानेच लिहाव्यात. पण हाताने लिहिणं आणि हाताने तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठली फाइल कुठल्या गटात, हा निर्णय माणसाचा आहे. त्याचं कारण शेजारी एका ओळीत लिहिलेलं असावं. मूळ यादीत नवं काय आलं आणि जुनं काय गेलं, हे शोधणं मात्र यंत्राचं काम. झाडातला कंपायलर बसवलेल्या कंपायलरसारखाच आहे का, हे तर यंत्रानेच पाहावं, आणि क्रमांकाच्या जोडीला सोर्सची काहीतरी खूण पाहावी. अशी खूण काढणं फुकट नाही याची मला कल्पना आहे. हजारो फाइल्स दर वेळी चाळाव्या लागतील आणि टिप्पणीत स्वल्पविराम बदलला तरी कंपायलर पुन्हा बांधला जाईल. मग निदान एवढं तरी व्हावं: त्या फोल्डरात स्थानिक बदल दिसले की बिल्डने शेवटी, जिथे सगळे बघतात तिथे, ठळक इशारा द्यावा.

आणि तुम्ही माझ्यासारखंच काम करत असाल तर तीन गोष्टी करा. कंपायलरवर प्रयोग करताना ‘सिस्टीम-कंपायलर’ हा पर्याय बंद ठेवा. वेळ जास्त लागेल, लागू दे. प्रत्येक मोजमापाबरोबर ते ज्या कंपायलरने बांधलं त्या कंपायलर-फाइलचा हॅश लिहून ठेवा. आणि आपल्या बदलात सुरुवातीला मुद्दाम काहीतरी ढोबळ, सहज दिसेल असं टाका, ते निकालात उमटतंय का बघा, मगच खरा प्रयोग सुरू करा. जीवशास्त्रातले मित्र हे कायम करतात, त्याला ते पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. आपण संगणकवाले मशीनवर विश्वास टाकून मोकळे होतो.

मी पर्याय बंद करून सगळं पुन्हा बांधलं. यावेळी फाइल्स बदलल्या. बऱ्याचशा थोड्या लहान झाल्या, काही चक्क मोठ्या झाल्या. त्या मोठ्या का झाल्या ते अजून शोधतेय, बहुधा एक अख्खं प्रकरण त्यातच जाईल. अहवालातलं ते वाक्य खोडलं. मॅडमनी नवा तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, “आता हे खरं वाटतंय. पण जुना मसुदा फेकू नकोस, परिशिष्टात घाल.”

म्हणून आधी इथे लिहिलं. पुढच्या वेळी पुन्हा शोधनिबंध, नक्की.